खंडेनवमीचा घाणा

मल्टिमीटरवरचं हळदीकुंकू ओल्या फडक्यानं पुसलं, त्याच्या तारा जोडलेली चकती तेलाच्या वाटीत सोडली आणि खालची शेगडी लावली. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. कारखाना बंद होता, दारावरची झेंडूची माळ कोमेजायला लागली होती, आणि मी एकटीच आत होते. घरी पाहुण्यांची गर्दी होती, स्थळं सुचवणाऱ्या आत्याबाई मुक्कामाला होत्या. त्यांच्यापेक्षा तेलाची वाटी बरी, असा साधा हिशेब करून मी सकाळीच सटकले होते.

थर्मामीटरवर पन्नास अंश. पंचावन्न. साठ. आता मीटरवरचा रोधाचा आकडा उडी मारणार म्हणून मी पेन्सिल सरसावली.

आकडा थोडासा चढला आणि तिथेच घुटमळला. पासष्ट, सत्तर, ऐंशी. तेलाचा वास यायला लागला तरी तो ढिम्म. मी चकती बदलली. तारा बदलल्या. मल्टिमीटरच बिघडला असेल म्हणून कपाटातून मागच्या घाण्याची, म्हणजे मागच्या खेपेला भाजलेली, एक चकती काढली आणि ती तेलात सोडली. तिनं बासष्टला अशी झकास उडी मारली, की मीटरला आकडा दाखवता येईना. मग मी नव्या घाण्याची तिसरी चकती सोडली, आणि ती पहिल्या दोघींसारखीच निघाली. पेन्सिल खाली ठेवून मी शेगडी बंद केली.

त्याच घाण्यातल्या चार चकत्या एका पेटीत बसवून आम्ही आदल्या दिवशी कवठ्याच्या एका दवाखान्यात पोचवल्या होत्या. आणि ती पेटी होती अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब द्यायची.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हा मी, विजया मगदूम, पदार्थविज्ञानात नुकतीच एम.एस्सी. होऊन मिरजेच्या एमआयडीसीत आवटीसाहेबांकडे तपासणीच्या कामाला लागले होते. आत्याबाई चारचौघांत सांगत, ‘एवढी शिकली आणि कपबशांच्या कारखान्यात गेली.’ कपबशा नव्हत्या त्या. आम्ही बेरियम टायटनेट या सिरॅमिकच्या चकत्या भाजत होतो, रुपयाएवढ्या, निळसर काळ्या. या चकतीचा गुण असा, की गार असताना तिच्यातून वीज सुखानं जाते आणि ती तापत राहते. एका ठरावीक तापमानाला पोचली, की तिचा विजेला रोध एकदम हजारपटीनं वाढतो, वीज अडते, आणि चकती आपली आपणच तिथे थांबते. याला आम्ही उडी म्हणत असू. मालातलं स्ट्रॉन्शियमचं प्रमाण वाढवून वाढवून साहेबांनी ही उडी साठ अंशांच्या जरा वर आणून ठेवली होती, खास त्या पेटीसाठी. तेवढ्यावर चकत्या थांबल्या, की पेटीतली हवा बाळाला हवी तेवढीच उबदार राहायची.

साहेबांना या पेटीचं वेड होतं. खेड्यातल्या दवाखान्यात तापमान राखणारी बटणं अडकतात, दुरुस्तीला माणूस मिळत नाही, आणि इथे तर बटणच नको. दसऱ्याच्या मुहूर्तावर पेटी देताना त्यांनी सिस्टरना छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘यात बिघडायला काही नाहीच. लावा आणि विसरून जा.’

मी तेव्हा शेजारीच उभी होते. त्याआधी मी त्यांना म्हटलंही होतं, की साहेब, चकत्यांची तेलातली तपासणी राहिलीय. पण मल्टिमीटर, थर्मामीटर, तेलाची वाटी, सगळं खंडेनवमीच्या पूजेत मांडलेलं. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. अष्टमीच्या संध्याकाळी, सगळं पूजेत जायच्या आधी, मी चकत्यांचा गार असतानाचा रोध तेवढा मोजून घेतला होता. तो नेहमीपेक्षाही छान कमी आला होता. साहेब खूश झाले होते. ‘रंग बघ काय आलाय! असा घाणा आजवर झाला नाही,’ असं म्हणून त्यांनी सगळ्यांना पेढे दिले होते.

मी ऑफिसातला फोन उचलला. कवठ्याच्या दवाखान्याचा नंबर एंगेज. पुन्हा फिरवला, एंगेज. साहेब कागलला सासुरवाडीला गेले होते. तिथे फोन लागला, पण ते सगळ्यांना घेऊन बाहेर पडलेले. पुन्हा कवठे, पुन्हा एंगेज. सणाच्या दिवशी कुणी रिसीव्हर नीट ठेवलाय की नाही, देव जाणे.

मागच्या घाण्यातल्या, मी स्वतः तपासून पेन्सिलीनं खूण केलेल्या चार चकत्या रुमालात बांधल्या, थर्मामीटर पिशवीत टाकला आणि भट्टीवाल्या शिवाप्पामामांचं घर गाठलं. मामा अंगणात आपली राजदूत मोटारसायकल पुसत बसले होते. मागच्या जन्मी कुणाचं तरी भलं केलं असणार, म्हणून ते घरी सापडले.

“मामा, कवठ्याला जायचंय. आत्ताच्या आत्ता.”

“का वो बाई? काय झालं?”

“पेटीतल्या चकत्या उडी मारत नाहीत. तापतच राहणार त्या. आत बाळ ठेवलं असेल तर...”

मामांनी पुढचं ऐकलंच नाही. हातातलं फडकं टाकलं, पायात चपला सरकवल्या आणि किक मारली.

गावाबाहेरच्या रेल्वे फाटकाला लाल दिवा. छोट्या रुळांवरची पंढरपूरकडची गाडी यायची होती, आणि ती गाडी कधी घाईत असल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. मामांनी गाडी बंद केली. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी राहिले. डोक्यात एकच प्रश्न घोळत होता: माल तोच, वीज वाहती करणारी लँथॅनमची चिमूट तीच, दळण तेच, तापमान तेच. मग चुकलं कुठे?

“मामा, हा घाणा भट्टीतून कसा काढला? नेहमीसारखा?”

“नेमीसारखाच की. जरा लवकर काडला, एवढंच.”

“लवकर म्हणजे?”

“आता बगा, दुसऱ्या दिशी पूजा. भट्टी धुवायची, चुना काडायचा, माळ घालायची. गरम भट्टीला माळ घातली तर फुलं करपत्यात. साहेब म्हनाले, शिवाप्पा, दार उगड आन् फॅन लाव. म्हनून लावला. टेबलफॅन. मलाबी हौस होती वो, भट्टी चकाचक पायजे म्हनून. आन् येकबी चकती तडकली न्हाई बगा! साहेबबी बगून खूश.”

मी तिथेच खाली बसले. फाटकाजवळच्या धोंड्यावर.

“का वो बाई? चुकलं काय?”

त्यांनी विचारलं होतं आणि गाडी काही येत नव्हती, म्हणून सांगितलं. भट्टी अगदी भडकलेली असते, तेव्हा चकतीतला थोडा ऑक्सिजन बाहेर निघून जातो. त्याच्या जागा आत रिकाम्या राहतात, आणि जाताना तो आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो. त्यानं वीज चांगली वाहते, म्हणून तर गार चकतीचा रोध एवढा सुरेख कमी आला होता. पण भट्टी सावकाश गार होत असताना हवेतला ऑक्सिजन परत आत शिरायला हवा. सगळीकडे नाही, कणाकणांच्या सांध्यांत तेवढा. ते सांधे भरले, तरच गरम झाल्यावर वीज तिथे अडते. फॅन लावल्यावर त्याला शिरायला वेळच मिळाला नाही. रिकाम्या जागा रिकाम्याच गोठल्या.

मामांना यातलं किती समजलं, कुणास ठाऊक.

“म्हंजे फुलांपायी,” ते म्हणाले.

“हो.”

“पोरगं असंल काय वो आत?”

“माहीत नाही मामा.”

गाडी आली, अगदी रमतगमत गेली. डब्यातली माणसं आमच्याकडे बघून हात हलवत होती. फाटक पुरतं वर जायच्या आत मामांनी राजदूत खालून काढली. पुढच्या रस्त्यातलं मला काही आठवत नाही. मुठीत रुमाल होता, आणि मी मनात त्या बाळाला म्हणत होते, जन्माला आलं नसशील तर आज येऊ नकोस. एवढंच आठवतं.

कवठ्याचा दवाखाना म्हणजे रस्त्याकडेचं बसकं घर होतं, पुढे लिंबाचं झाड. डॉक्टरीणबाई एका अडलेल्या बाईला घेऊन सांगलीला गेल्या होत्या. मार्था सिस्टर एकट्याच होत्या, पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा. मी दारातूनच ओरडले, “सिस्टर, पेटी चालू आहे?”

“चालू आहे की. पहाटे सिझर झालं एक. मुलगी. सव्वा किलोसुद्धा नाही.”

मी आत धावले. आतल्या खोलीत एका खाटेवर आई गुंगीत होती, आणि खिडकीशी आमची पेटी. स्वच्छ, पांढरी, बाजूला साहेबांनी हौसेनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक. आत लालबुंद, मुठीएवढ्या चेहऱ्याचं बाळ. डोळे मिटलेले. रडत नव्हतं. मी वायर धरून भिंतीतून उपटली.

“अहो! काय करताय?” सिस्टर धावल्या.

“ही थांबत नाही, सिस्टर. तापतच जाते. आमची चूक आहे. काढा तिला बाहेर.”

सिस्टरांनी झाकण उघडलं आणि बाळ उचललं. त्यांचा हात बाळाच्या पाठीला लागला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तिला ओल्या फडक्यानं पुसलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, ओठांना पाण्याचं बोट लावलं. मी भिंतीला टेकून उभी. मामा दाराबाहेर, आत यायला धजत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला, पुन्हा आला, आणि ती रडायला लागली. मामांनी बाहेर ‘बसवेश्वरा’ म्हणून मोठ्यानं श्वास सोडला.

“मला वाटतच होतं,” सिस्टर म्हणाल्या. “हात घातला की चटका बसल्यासारखं वाटायचं. मी झाकण किलकिलं करायची, मग पुन्हा लावायची. म्हटलं, आपलीच समजूत चुकत असेल. तुमचे साहेब म्हणाले होते ना, यात बिघडायला काही नाही. इतकी वर्षं पोरं हाताळली मी. हाताला कळत होतं, आणि मी हाताचं ऐकलं नाही.”

मी रुमाल सोडला. “या चांगल्या चकत्या आहेत. मी स्वतः तपासलेल्या. बसवून देतो आम्ही.”

“किती वेळ लागेल?”

“अर्धा तास. कदाचित तास.”

“आणि तोवर?” सिस्टरांनी बाळाचे पाय चिमटीत धरले. “आता हे बघा, गार पडायला लागले. एवढंसं बाळ, अंगावर चरबी नाही. तापलेलं बाळ जातं तसं गारठलेलंही जातं. आई शुद्धीवर नाही, बाप इंजेक्शनं आणायला मिरजेला गेलाय, आणि पलीकडच्या खोलीत माझी दोन सलाइनं चालू आहेत.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही बसा. छातीशी धरा तिला. कपड्यावरून नाही, अंगाला अंग लावून.”

“मी? सिस्टर, माझं अजून लग्न...”

“ऊब द्यायला लग्न लागत नाही. ब्लाउज सोडा.”

त्यांनी खाटेशेजारी पडदा ओढला, मला खुर्चीत बसवलं आणि ते बाळ माझ्या उघड्या छातीवर पालथं ठेवून वरून पदर आणि घोंगडी गुंडाळली. ती इतकी हलकी होती, की आहे की नाही ते कळू नये. फक्त दोन गार टाचा पोटाला टेकल्या होत्या. मला शहारा आला. हलायचीसुद्धा भीती वाटत होती.

सिस्टरांनी चकत्या देऊन मामांना आत बोलावलं, आणि पडद्यापलीकडे पेटी उलटी केल्याचा आवाज झाला. ते भट्टीचे माणूस, जोडणीचं काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं.

“बाई, चार स्क्रू काडले. आता?”

“स्प्रिंगा दिसतात? त्या हळू मागे ओढा. चकती निघेल. तिच्यावर चांदीचा लेप आहे, नव्या चकतीवरचा लेप खरवडू देऊ नका.”

“न्हाई खरवडत. पर घाई हाय न्हवं?”

“असू दे. सावकाश करा.”

“सावकाशच करतो आता,” मामा म्हणाले.

मी बाळाच्या पाठीवर तळवा ठेवून तिचा श्वास मोजायचा प्रयत्न करत होते. मध्येच तो थांबल्यासारखा वाटे, आणि मग ती एक लांब श्वास घेई. परीक्षेच्या आधी नाही, साहेबांसमोर मुलाखतीला नाही, कधीच मला इतकी भीती वाटली नव्हती. टाचा हळूहळू गार लागेनाशा झाल्या.

“झालं बाई. लावू का वीज?”

“लावा. झाकण बंद करा. माझ्या पिशवीतला थर्मामीटर आत ठेवा आणि बघत राहा. बोलू नका, नुसतं बघा.”

“तीस... बत्तीस... चौतीस...”

“बोलू नका म्हटलं ना मामा!”

ते गप्प झाले, आणि ते आणखी वाईट होतं.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवर हालचाल झाली. आई शुद्धीवर येत होती. वीस-बावीसची पोर, केस विस्कटलेले, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, माझ्या छातीवरच्या घोंगडीकडे पाहिलं.

“माजं हाय का ते?”

“हो. मुलगी आहे.”

“तुमी कोण?”

सिस्टरची मदतनीस आहे, असं सांगता आलं असतं. ती गुंगीत होती, तिला खरं वाटलं असतं. जीभ तिकडे वळलीही होती. पण ती पोर माझ्याकडे इतकी सरळ बघत होती, की मला ते जमलं नाही.

“मी मिरजेच्या कारखान्यातली. ती पेटी आम्ही बनवली. बिघडली होती. तुझं बाळ आत जास्त तापलं. आमच्याकडून चूक झाली होती.”

हात लांब करून तिनं घोंगडीची कड उचलली, आत बघितलं, आणि बाळाच्या डोक्यावर एक बोट फिरवलं. मी तिच्या शिव्या ऐकायला तयार होऊन बसले होते. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“काय चुकलं व्हतं, ते कळलं का?” तिनं विचारलं.

“कळलं.”

“पक्कं?”

“पक्कं.”

पडद्यापलीकडून मामा म्हणाले, “बाई, पारा छत्तीसवर हाय. मगापास्नं हलला न्हाई.”

सिस्टर आत आल्या, थर्मामीटर पाहिला, पेटीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. “ठीक वाटतंय,” त्या म्हणाल्या. “द्या तिला.”

मी द्यायला तयार नव्हते. खरं सांगते, ते बाळ अंगावरून उचलायची माझी हिंमत होत नव्हती. खूण केलेल्या चकत्या, बासष्टला मारलेली उडी, सकाळीच डोळ्यांनी पाहिलेलं सगळं मला पाठ होतं, आणि तरी माझा त्या पेटीवर काडीचा विश्वास उरला नव्हता. म्हटलं, “आईपाशीच राहू दे ना सिस्टर.”

“हिला ताप चढलाय. टाक्यांमुळे उठताही येत नाही. नाही जमायचं.”

सिस्टरांनी हात पुढे केले. तेव्हा खाटेवरची पोर म्हणाली, “न्हाई सिस्टर. तुमी नगा ठेवू.” तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्यास्नी ठेवू द्या. काय बिघडलं व्हतं ते ह्यास्नीच ठावं.”

मी उठले. सिस्टरांनी पडदा बाजूला सारला. ब्लाउजची बटणं तशीच, पदर कसाबसा ओढून घेतलेला. मामांनी झाकण उघडलं आणि मान दुसरीकडे वळवली. मी तिला आत ठेवलं. अंगापासून वेगळी होताना ती कळवळून रडली. सिस्टरांनी झाकण लावलं. बाजूच्या गोल भोकातून मी हात आत घातला आणि तिची दोन्ही पावलं मुठीत धरली.

पावलं कोमट होती. मग उबदार झाली. मग आणखी. दुसरा हात वायरीवर ठेवून उभी राहिले. ऊब वाढत आली, वाढत आली, आणि एका जागी थांबली. मी वाट पाहिली. तिथेच होती. ती पोर खाटेवरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, तिला थर्मामीटर दिसत नव्हता, फक्त मी दिसत होते.

“थांबली का?” तिनं विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. ती घाबरून उठायला धडपडली. मी नुसती मान हलवत राहिले, थांबली, थांबली म्हणून, आणि हात काही बाहेर काढला नाही.